पाटावरची कात्री

"कात्री हातात कशाला होती?" हा प्रश्न मला पहिल्यांदा एका हवालदारानं विचारला. मग साहेबांनी, मग गावातल्या चार शहाण्यांनी, मग माझ्या सख्ख्या मावशीनं. बीपी तपासायला दवाखान्यात गेले तर तिथल्या नर्सनंसुद्धा हळूच विचारून घेतलं. मी शिवणकाम करते, वीस वर्षं करते. भर दुपारी ब्लाउज बेतत बसलेल्या बाईच्या हातात कात्री नाही तर काय लाटणं असणार? पण त्या माणसाचा हात माझ्या अंगावर कशाला होता, हे एकानंही विचारलं नाही. माझा राग त्याचा आहे. तो ओसरायची वाट बघत बसले तर हे लिहून व्हायचं नाही, म्हणून रागातच लिहिते.

जालना जिल्ह्यातलं आमचं गाव, रस्त्याला लागून घर. पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं राहतो, मी आणि आबा. आबा म्हणजे माझे वडील. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले तेव्हा आबांची नजर अधू होत चालली होती. त्यांनी मशीनवरून उठून मला जागा दिली. मशीन दिली, गिऱ्हाइकं दिली, पण कात्री द्यायला दोन वर्षं लावली. लोखंडाची जड कात्री, त्यांनी तरुणपणी जालन्याच्या बाजारातून आणलेली. तिनं कागद कापायचा नाही, सुतळी कापायची नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. वापरून वापरून माझ्या अंगठ्याला घट्टा पडला, तेव्हा तो दाबून बघत आबा म्हणाले, "आता झाली तुझी."

गेल्या वर्षीच्या नवरात्रातली अष्टमी होती. दसऱ्याच्या आधी ब्लाउज पाहिजेत म्हणून बायकांनी जीव खाल्ला होता. आबा दळण आणायला गेले होते. तेवढ्यात खताच्या दुकानाचा शेठ आला. शेठ म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, सप्त्यात पहिल्या पंगतीला बसणारा. महिनाभर तो काही ना काही निमित्त काढून येत होता. कधी नातीच्या फ्रॉकचं कापड, कधी पायजम्याची नाडी. मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. उघडलं असतं तर हेच सगळे म्हणाले असते, एवढ्या तेवढ्यावरून मोठ्या माणसाचं नाव घेते बाई.

त्यानं आत येऊन दार लोटलं आणि कडी लावली. मी म्हणाले, दार उघडा. तो हसला आणि म्हणाला, "सदऱ्याचं माप घ्यायचंय ना?" मग त्यानं माझं डावं मनगट धरलं, गळ्याशी हात घातला, ब्लाउज टरकन फाटला. मी ओरडले तर तोंड दाबलं. उजव्या हातात कात्री होती. मी मारली, त्याच्या दंडावर, एकदा. तो मागं सरकला, कडी काढली आणि "मारलं रे मारलं" करत रस्त्यावर पळाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी अशा समोर ऐकल्या. मी त्याच्या मागं गेले नाही, दुसरा वार केला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं वकीलबाईंनी मला हेच तीनदा विचारलं.

मग मी काय केलं? सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी आधी गिऱ्हाइकाचं कापड बघितलं. पिस्त्याच्या रंगाचा खण होता, रक्त लागलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं? लागलं नव्हतं. मग समोरच्या घरातून खाला धावत आल्या. खाला म्हणजे बांगड्या भरणाऱ्या आमच्या शेजारीण, आईच्या वयाच्या. त्यांनी मला पाणी पाजलं, माझा फाटका गळा त्यांच्या ओढणीनं झाकला आणि म्हणाल्या, "मैं देखी बेटी, अपनी आँखों से देखी उसकू भागते." त्या आबांना बोलवायला गेल्या. तेवढ्या वेळात मी फाटलेला ब्लाउज काढला, दुसरा घातला, आणि फाटका मशीनवर घेऊन शिवून टाकला.

होय, शिवून टाकला. वीस वर्षांत फाटलेलं कापड समोर दिसलं आणि हात गप्प बसला असं कधी झालं नाही. बाकी कशाचं भान नव्हतं, पण पाय मशीनच्या पायट्यावर आपोआप चालत होता.

आबा आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खाली पडलेल्या कात्रीकडे बघितलं. कात्री उचलली, मोरीत नेऊन राखेनं घासली, पुसली, पात्यांच्या सांध्यात मशीनचं तेल सोडलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी कात्री, टेप, मोजायचा गज, सगळं पाटावर मांडून पुजतात आणि दसऱ्यापर्यंत त्याला कामाला लावत नाहीत. रक्ताची कात्री पाटावर कशी मांडायची, एवढाच विचार त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात आला. ठाण्यात जावं, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. आमच्या घरातलं कोणी कधी ठाण्याची पायरी चढलेलं नाही, आणि आम्ही त्याचा अभिमान बाळगून होतो. वेड्यासारखा अभिमान.

शेठला सुचलं. तो थेट सरकारी दवाखान्यात गेला, दंडाला सात टाके घालून घेतले आणि तिथूनच फिर्याद दिली. शिलाईच्या भावावरून बोलाचाली झाली आणि बाईनं धारदार हत्यारानं वार केला, अशी.

नवमीला दुपारी दोन पोलीस आले. कात्री पाटावर होती. तिला हळदकुंकू लावलेलं, झेंडूची फुलं वाहिलेली, समोर नारळ. हवालदार म्हणाला, "हेच का ते हत्यार?"

आबा आडवे उभे राहिले. म्हणाले, "साहेब, आज खंडेनवमी हाय. आज हत्यार हलत न्हाई. उद्या पूजा उतरली की मी सोता घिऊन येतो, बिलकुल येतो."

"आजोबा, हे आता हत्यार न्हाई, मुद्देमाल हाय," हवालदार म्हणाला, आणि त्यानं पाटावरून कात्री उचलली. आबा पाटाकडे बघतच राहिले. मला त्या दिवसाचं बाकी काही नाही आठवलं तरी आबांचं ते तोंड आठवतं.

पंचनामा झाला. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला पंच म्हणून बसवलं. लिहिणाऱ्यानं लिहिलं, "पात्याच्या टोकास लालसर, रक्तासारखे डाग." मी म्हणाले, ते कुंकू आहे, रक्त आबांनी कालच धुतलं. तो म्हणाला, "ते तपासणीत कळंल." आता बघा, खरं रक्त आबांनी धुऊन टाकलं आणि कागदावर कुंकवाचं रक्त झालं! मी माझं डावं मनगट पुढं केलं. त्यावर चार बोटांचे निळे वळ उठले होते. म्हटलं, हेपण लिहा. तो म्हणाला, "हा कात्रीचा पंचनामा हाय, बाई. तुमचं काय असंल ते ठाण्यात सांगा." शेठचे सात टाके कागदावर आले, माझे वळ कुणीच लिहिले नाहीत. आठ दिवसांत ते हिरवे झाले, पिवळे झाले आणि गेले.

दसऱ्याच्या सकाळी खालांना सोबत घेऊन मी तालुक्याच्या ठाण्यात गेले. दारात झेंडूचं तोरण होतं. आत टेबलावर पांढरी चादर टाकून बंदुका ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येकीवर हळदकुंकू, प्रत्येकीवर फूल, उदबत्ती चालू. साहेबांच्या कपाळाला टिळा होता. एका शिपायानं आम्हाला पेढापण दिला.

साहेबांनी कागद वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वार केला तो केला, वर हत्यार धुतलं, त्याची पूजा केली. याचा अर्थ काय व्हतो, कळतंय का बाई तुम्हाला? पुरावा नष्ट केला. आणि पूजा म्हंजे पश्चात्ताप तर बिलकुल न्हाई."

माझ्या हातात त्यांचाच पेढा होता. मी टेबलाकडे बोट दाखवलं. "साहेब, तुमीबी पूजाच करून राह्यले की."

"ते सरकारी हाय," साहेब म्हणाले.

खालांनी माझा पदर ओढला, नाहीतर मी अजून काय बोलले असते कुणास ठाऊक. तळपायाची आग मस्तकात गेली होती. सरकारच्या बंदुकीला कुंकू लावलं तर ती परंपरा, शिवणाऱ्या बाईच्या कात्रीला लावलं तर तो गुन्ह्याचा पुरावा! मी म्हणाले, माझी फिर्याद लिहून घ्या. ते म्हणाले, महिला पोलीस सुट्टीवर आहे, दसरा झाल्यावर या. मग विचारलं, "ब्लाउज फाडला म्हणता, कुठाय तो?" मी पिशवीतून काढला. साहेबांनी उलटापालटा करून बघितला. "हा तर शिवलेला हाय." मी म्हणाले, मीच शिवला. तिथला एकजण फिस्सकन हसला.

त्या हसण्याचा मला अजूनही राग येतो. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला स्वतःचाच जास्त राग आला होता. आबांनी धुतलं, मी शिवलं. आम्ही दोघांनी मिळून त्या माणसाची सगळी घाण निस्तरून दिली होती, आणि ते आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं.

दसऱ्यानंतर मी पुन्हा गेले. खाला बरोबर होत्याच. तिसऱ्या दिवशी गेले, चौथ्या दिवशी गेले, आणि बाकड्यावर बसून राहिले. खाला म्हणाल्या, "हम नहीं जाते. लिखे तक यहीं बैठते." त्यांनी डबा आणला होता, तो तिथंच उघडला. शेवटी महिला पोलीस आल्या आणि माझी फिर्याद लिहिली गेली. आणि त्यात पहिला प्रश्न काय, तर फिर्याद द्यायला एवढा उशीर का झाला! म्हणजे तुम्हीच म्हणायचं नंतर या, आणि तुम्हीच विचारायचं नंतर का आलात.

गावात तोवर वेगळीच जत्रा भरली होती. निम्म्या बायका अर्धवट शिवलेली कापडं परत घेऊन गेल्या. एकीच्या ब्लाउजला फक्त हूक लावायचे राहिले होते, तरी नेला. "घरचे म्हणून राह्यले, सध्या नगं," एवढंच म्हणायच्या, आणि नजर खाली. मला त्यांचाही राग आला, पण त्यांच्यातल्या दोघीतिघी हातातलं कापड उलटसुलट करत जरा जास्त वेळ थांबल्या. एक तर दारातून परत वळली आणि कानाशी येऊन म्हणाली, "बरं केलं." मग इकडं तिकडं बघून गेली. तिला शेठबद्दल काय माहीत होतं, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

कुंभार पिंपळगावला माझी बहीण दिली आहे. तिनं ओळखीनं जालन्यातल्या एका वकीलबाई गाठून दिल्या. त्यांनी आधी मला भरपूर झापलं. कात्री धुवायची नव्हती, ब्लाउजला हात लावायचा नव्हता, लगेच फोन करायचा होता, त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन वळ दाखवायचे होते. मी मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी ब्लाउज खिडकीपाशी नेला आणि विचारलं, "लाल ब्लाउजला हिरवा दोरा का?"

मी बघितलं. खरंच की. मशीनवर गिऱ्हाइकाच्या खणाचा दोरा ओवलेला होता, त्यानंच मी माझा लाल ब्लाउज शिवला होता, तोही वेडावाकडा, टीप चार ठिकाणी सुटलेली. वीस वर्षांत माझ्या हातून असं काम झालेलं नाही.

"उसवू नका," वकीलबाई म्हणाल्या. "असाच राहू द्या. कुठली शिवणारी बाई शुद्धीवर असताना स्वतःचा ब्लाउज असा शिवील?"

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी गाठीशी बांधली. म्हणाल्या, स्वतःला वाचवायचा हक्क कायद्यानं दिला आहे. पण तो मागायचा तर आधी म्हणावं लागतं की हो, मी मारलं, आणि याच्यासाठी मारलं. तुम्ही कात्री चुकून लागली म्हणालात, तर मग त्यानं तुम्हाला धरलंच नव्हतं असं ठरतं. माणूस चुकून मारतो तेव्हा वाचवत कुणालाच नसतो.

आणि नेमकं तेच माझ्याकडून लिहून घ्यायचं घाटत होतं. दिवाळीआधी ग्रामपंचायतीच्या खोलीत बैठक ठेवली. गावातले माजी सरपंच मधोमध, शेठ दंडाला पट्टी बांधून एका बाजूला. टाके केव्हाच काढले होते, पण पट्टी होती. कागद आधीच टाईप करून आणलेला. "उभय पक्षांत गैरसमज झाला. शिवणकाम करताना कात्री चुकून लागली. कोणाचीही तक्रार नाही." खाली माझ्या नावाला रिकामी जागा. मी सही केली की शेठ फिर्याद मागं घेणार, कात्री परत मिळणार, बायका परत येणार, सगळं पहिल्यासारखं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे वाक्य तिथं पाच जणांनी पाच वेळा म्हटलं.

मला खरी भीती शेठची नव्हती, आबांची होती. त्या दिवशी सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून आबा म्हणाले होते, "सही करून टाक माय. माझ्यानं बघवत न्हाई. कात्री तरी घरला यील." मी मनातून मोडले. सगळ्या गावाशी भांडता येतं. ज्यानं हातात कात्री दिली, त्याच्याशी कसं भांडायचं?

बैठकीत मी म्हणाले, "कात्री चुकून लागली न्हाई. मी मारली. त्यानं कडी लावून मला धरलं म्हणून मारली. असं लिहिता का? लिहा, मी आत्ता सही करते."

खोलीत गडबड उडाली. शेठ ओरडायला लागला. माजी सरपंचांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि ते माझ्या शेजारी बसलेल्या आबांकडे वळले. त्यांना वाटलं, म्हातारा आपल्या बाजूचा आहे. म्हणाले, "आबा, तुम्ही समजदार हाव. लेकीच्या हातून चूक झाली हे तुम्हाला बराबर कळालं व्हतं. म्हणून तर तुम्ही कात्री धुतली ना? चूक झाकायलाच धुतली ना?"

आबा काठीवर हात ठेवून बसले होते. त्यांना उठायला वेळ लागला. मला वाटलं, आता म्हणतील, हो. सकाळी तर तेच म्हणत होते.

"झाकायला न्हाई धुतली," आबा म्हणाले. "पाटावर मांडायची व्हती म्हणून धुतली. कात्री चांगली हाय, लेक चांगली हाय. घाण त्याच्या रक्ताची व्हती, ती म्या धुतली." एवढं बोलून त्यांनी तो टाईप केलेला कागद उचलला, घडी केली आणि शेठच्या मांडीवर ठेवला. "चल माय," म्हणाले.

घरी आल्यावर मी विचारलं, "सकाळी तर सही कर म्हणत होतात." आबा म्हणाले, "सकाळी मला कात्रीच दिसून राह्यली व्हती."

याला आता वर्ष झालं. दोन्ही फिर्यादी चालू आहेत, त्याची आणि माझी. तारखेला मी आणि खाला जातो, डबा घेऊन जातो. तारीख पडते, परत येतो. शेठ सप्त्यात अजूनही पहिल्या पंगतीला बसतो, आणि वाढणाऱ्यांचा हात त्याच्या पानाशी अडखळत नाही. बायका मात्र हळूहळू परत आल्या. सणाला अंगात बसणारा ब्लाउज लागतोच, आणि तो आसपास माझ्याइतका कुणी शिवत नाही, हे मी गर्वानं सांगते. नवी कात्री आणली आहे. हलकी आहे, कापड चावते. जुनी कात्री मुद्देमालाच्या खोलीत आहे, कापडी पिशवीत, लाखेचं सील लावून. तिला तेल कोण घालणार? गंजली असणार. त्या विचारानंसुद्धा माझा संताप होतो.

परवा खंडेनवमी झाली. आबांनी सकाळी पाट धुतला, रांगोळीची चार बोटं ओढली, टेप मांडली, गज मांडला, खडू मांडला. मी नवी कात्री पुढं केली. त्यांनी मान हलवली आणि ती बाजूला ठेवली. मधली जागा रिकामीच होती. मला वाटलं, विसरले.

"बस इथं," म्हणाले. मी पाटासमोर बसले. त्यांनी माझा उजवा हात धरला आणि पाटावर, त्या मधल्या जागेत ठेवला. चाचपून अंगठ्यावरचा घट्टा शोधला, त्यावर आधी हळद लावली, मग कुंकू लावलं, एक झेंडूचं फूल ठेवलं. नारळ फोडला. मी रडत होते आणि ते त्यांना दिसत नसावं, किंवा दिसत असावं.

थोड्या वेळानं मी चहा ठेवायला उठायला लागले, तर त्यांनी खांदा दाबून मला खाली बसवलं.

"आज हत्यार हलत न्हाई," आबा म्हणाले. "चहा मी करतो."